आयफेल टॉवर आणि सीनमधली बोटफेरी: एकत्र बुकिंग अडकलं तर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

गाइडसह आयफेल टॉवर आणि त्याला जोडून सीन नदीतली बोट. गोव्यातून युरोपला निघालेल्या मंडळींच्या कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळा हेच एक बुकिंग बिघडलेलं असतं. म्हापशातल्या आमच्या तिकिटांच्या टेबलावर मे महिन्याच्या सुट्टीआधी आणि दिवाळीआधी लोक हीच तक्रार घेऊन येतात. शब्द वेगळे असतात, मूळ बहुतेक वेळा ठरावीक जागीच सापडतं. त्या जागा इथे लिहितो आहे. क्रम असा ठेवला आहे की जे घरबसल्या, फुकट आणि पाच मिनिटांत तपासता येतं ते आधी. पैसे किंवा सुट्टीचा दिवस पणाला लागतो ते शेवटी.

आधी लक्षणं बघा

- बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आला, तिकीट मात्र आलं नाही.
- कार्ड दर वेळी नाकारलं जातं, किंवा ओटीपी येतच नाही.
- तिकिटावर टॉवरची वेळ आहे, बोटीची वेळ कुठेच नाही.
- हवी ती तारीख करड्या रंगात दिसते, ती निवडता येत नाही.
- शिखराचे पैसे भरले असं वाटतं, पण हातात दुसऱ्या मजल्याचं तिकीट आहे.
- आई-बाबांना घेऊन तिथे पोचल्यावर कळलं की तिकीट जिन्याचं आहे.
- गाइड भेटलाच नाही.
- टॉवर झाला, पण बोट भलत्याच धक्क्यावरून सुटत होती.

यातलं एकही लक्षण दिसलं तर पुन्हा पैसे भरू नका. नवं बुकिंग करू नका, जुनं रद्दही करू नका. घाईघाईत केलेल्या दुसऱ्या बुकिंगमुळेच नुकसान दुप्पट होतं, आणि ते परत मिळवायला महिने जातात.

बिघाड नेमका कुठे असतो

आपल्याला मांडवी नदीतल्या बोटफेरीची सवय. पणजीत सांता मोनिका जेटीवर संध्याकाळी जायचं, खिडकीवर तिकीट काढायचं, बोटीत चढायचं. एक खिडकी, एक तिकीट, एक बोट. पॅरिसच्या ‘कॉम्बो’कडेही, म्हणजे टॉवर, बोट आणि गाइडच्या एकत्र बुकिंगकडेही, लोक त्याच नजरेने बघतात, आणि गाडी तिथेच घसरते.

त्या एका नावाखाली तीन वेगळे व्यवहार असतात. टॉवरचा प्रवेश पॅरिस शहराच्या वतीने टॉवर चालवणारी कंपनी देते. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते, आणि ती वेळ पाळावी लागते. बोट वेगळ्या कंपनीची. तिचं तिकीट बहुतेक वेळा खुलं असतं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत कोणत्याही फेरीला चालतं. गाइड तिसऱ्याच कंपनीचा. त्याची भेटण्याची जागा आणि भेटण्याची वेळ या दोन्ही गोष्टी टॉवरच्या वेळेपेक्षा वेगळ्या असतात. आणि या तिघांच्या वर, तुमचे पैसे घेणारं चौथंच एखादं विक्रीचं संकेतस्थळ.

म्हणून तपासणी सुरू करताना एकच प्रश्न विचारायचा: टॉवर, बोट आणि गाइड यांतलं काय अडकलंय? उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. ‘बुकिंग झालं नाही’ एवढंच सांगून कुणालाही मदत करता येत नाही. ‘टॉवरची वेळ पक्की आहे, बोटीचा व्हाउचर आलेला नाही’ असं सांगितलं तर दहा मिनिटांत मार्ग निघतो.

पहिली तपासणी: मेल, आणि त्यातला शेवटचा परिच्छेद

मेल इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅम आणि जाहिरातींच्या कप्प्यात बघा. तिथेही नसेल तर बुकिंग करताना मेलचा पत्ता बरोबर टाकला होता का ते बघा. आमच्याकडे येणाऱ्या ‘तिकीट आलं नाही’ तक्रारींत सर्वाधिक वेळा चूक याच रकान्यात निघते, कारण बुकिंग मुलाने किंवा भाच्याने केलेलं असतं आणि मेल त्याच्या पत्त्यावर जाऊन पडलेला असतो. मोबाइल क्रमांकही बघा. देशाचा आकडा आधीच भरलेला असताना लोक पुन्हा ‘९१’ टाकतात. मग आयत्या वेळी गाइडने पाठवलेला निरोप कुणालाच मिळत नाही.

मेल सापडला की शेवटपर्यंत वाचा. वरचं फोटोचं चौकोन आणि मोठं शीर्षक सोडून द्या. ‘काय समाविष्ट आहे’, ‘काय समाविष्ट नाही’ आणि ‘कुठे भेटायचं’ हे तीन भाग वाचायचे. इंग्रजीची सवय नसेल तर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून वाचून घ्या. ‘तुमची विनंती मिळाली’ आणि ‘तुमचं बुकिंग पक्कं झालं’ हे दोन वेगळे मेल आहेत. पहिला आला म्हणजे काहीच ठरलेलं नाही. काही विक्रेते पैसे घेऊन ठेवतात आणि टॉवरची वेळ मिळते का ते नंतर बघतात. न मिळाल्यास पैसे परत करतात, पण तोवर तुमचे दिवस गेलेले असतात.

दुसरी तपासणी: तारीख आणि घड्याळ

हीसुद्धा फुकट. तरी लोक ती शेवटी करतात.

फ्रान्समध्ये तारीख आपल्यासारखीच लिहितात, आधी दिवस मग महिना. पण विकणारं संकेतस्थळ अमेरिकी असेल तर आधी महिना येतो. ०५/०६ असं दिसलं तर ते ५ जून आहे की ६ मे, हे महिन्याचं नाव शोधून पक्कं करा. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात असते, आणि ती पॅरिसची असते. फोनच्या कॅलेंडरमध्ये बुकिंग आपोआप नोंदलं गेलं असेल तर फोन ती भारतीय वेळेत दाखवतो. सकाळी साडेदहाचं तिकीट कॅलेंडरात दुपारी दोन वाजता दिसतं, आणि माणूस घाबरून बुकिंग बदलायला जातो. कॅलेंडर बघूच नका. तिकिटावर छापलेला आकडा हाच खरा.

दिवाळीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त जपायची. उन्हाळ्यात आपण पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. आपली दिवाळीची सुट्टी बऱ्याचदा याच रविवारच्या आसपास पडते. त्या दिवशी तिथलं घड्याळ तासभर मागे जातं. फोन स्वतःहून वेळ बदलून घेतो, पण मनगटावरचं घड्याळ आणि ‘घरी फोन कधी लावायचा’ हा हिशेब चुकतो. गाइडला गाठायचं असेल तर त्या दिवशी फक्त फोनमधली वेळ धरा.

घड्याळाचाच आणखी एक भाग, ज्याची तक्रार लोक परत आल्यावर करतात: ‘संध्याकाळची बोट घेतली, पण दिवे दिसलेच नाहीत.’ जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळायलाच रात्रीचे जवळजवळ दहा वाजतात. डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारासच अंधार पडू लागतो. टॉवरवरचे २०,००० दिवे अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतात. ते बोटीतून बघायचे असतील तर मे-जूनमध्ये आठची फेरी उपयोगाची नाही. त्या दिवसाच्या सूर्यास्ताची वेळ बघा आणि मगच फेरी ठरवा. बोटीचं तिकीट खुलं असेल तर यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

तिसरी तपासणी: कुठवर, आणि कशाने

टॉवरला भेट देण्याचे तीन टप्पे आहेत: पहिला मजला ५७ मीटरवर, दुसरा साधारण ११६ मीटरवर, आणि शिखर २७६ मीटरवर. टॉवरची एकूण उंची अँटेना धरून ३३० मीटर. शिखरावर जायला दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट बदलावी लागते, म्हणून शिखराचं तिकीट वेगळं आणि महाग. विक्रेत्यांच्या शीर्षकात ‘शिखराच्या पर्यायासह’ असं लिहिलेलं असतं. पर्याय म्हणजे तो तुम्ही निवडला असेल तरच. न निवडता पुढे गेलात तर दुसऱ्या मजल्याचंच तिकीट मिळतं, आणि ते चुकीचं नसतं.

यादीतला सगळ्यात स्वस्त कॉम्बो दिसला की सावध व्हा. तो बऱ्याचदा जिन्याचा असतो. जमिनीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. तरुणांना मजा येईल. गुडघे दुखणाऱ्या आईला नाही. वर्णनात ‘लिफ्ट’ हा शब्द स्पष्ट दिसत नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर जाता येतं, शिखरावर नाही. घरात असं कुणी असेल तर शिखराचे पैसे भरण्याआधी हे ठरवा.

‘रांग टाळा’ या शब्दांवरही फार विसंबू नका. तिकिटाची रांग टळते. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. टॉवरभोवती २०१८ साली काचेची भिंत उभी राहिली. तिथे एकदा, आणि वर जाण्याआधी पुन्हा एकदा तपासणी होते. काचेच्या बाटल्या आणि मोठं सामान आत चालत नाही, आणि सामान ठेवायला तिथे सोय नाही. विमानतळावरून थेट बॅगा घेऊन टॉवरला जायचा बेत असेल तर तो आजच बदला. गोव्यातून निघालेलं माणूस मुंबई, दिल्ली किंवा आखातातून विमान बदलत पोचतं. एक विमान उशिरा आलं की वेळ छापलेलं तिकीट वाया जातं. पोचण्याच्या दिवशी टॉवर ठेवू नका, बोट ठेवा.

चौथी तपासणी: नावं आणि वयं

टॉवरच्या तिकिटासाठी प्रत्येकाचं नाव द्यावं लागतं, आणि दारावर ओळखपत्र मागू शकतात. इथे आपल्या गोव्यातली एक खास अडचण आहे. एकाच घरात आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं असतात. आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज वळणाचं ‘नाईक’, शेवटी क्यू-यू-ई लावलेलं. वडिलांच्या पासपोर्टवर शेवटी साधं इंग्रजी ‘के’ अक्षर. कामतांच्या घरात कुणी ‘कामत’, कुणी जुन्या नोंदीतलं ‘कामोतीं’. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांचं नाव भारतीय कागदांवर वेगळं असू शकतं. नियम सोपा ठेवा: त्या दिवशी खिशात जे ओळखपत्र असणार, त्यावरचं स्पेलिंग. आधारवरचं नाही, बँकेतलं नाही, घरात हाक मारतात ते तर मुळीच नाही.

पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर विमानाच्या तिकिटावर नाव जसं छापलंय तसंच इथे लिहा, म्हणजे दोन कागद एकमेकांशी जुळतात.

एक-दोन अक्षरांची चूक झाली असेल तर तिकीट रद्द करू नका. विक्रेत्याला मेल लिहा, बुकिंगचा क्रमांक द्या, दुरुस्ती मागा. टॉवरची अधिकृत तिकिटं सर्वसाधारणपणे परत घेत नाहीत, त्यामुळे रद्द करून नवं काढणं हा सगळ्यात महाग उपाय आहे.

वयाचे गट टॉवरचे वेगळे, बोटीचे वेगळे. टॉवरवर १२ ते २४ वर्षांच्यांना प्रौढांपेक्षा कमी दर आहे, आणि तो आपल्या मुलांनाही मिळतो. ४ वर्षांखालच्या बाळाला पैसे नाहीत, पण तिकीट लागतं. बाळाला मोजलंच नाही म्हणून अख्खं कुटुंब दारावर थांबलेलं मला माहीत आहे. शून्य किमतीचं असलं तरी तिकीट काढाच.

पाचवी तपासणी: कार्ड आणि यूपीआय

इथून पुढे पैशांचा प्रश्न येतो, म्हणून सावकाश.

१ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड मिळतं ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार तुम्हाला स्वतः चालू करावे लागतात. बँकेचं ॲप उघडा, कार्डाच्या नियंत्रणात जा, ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ दोन्ही चालू आहेत का ते बघा. मर्यादेचा आकडाही बघा. चार जणांच्या शिखराच्या कॉम्बोची रक्कम रुपयांत मोठी होते, आणि मर्यादा वीस हजारांवर ठेवलेली असली तर कार्ड नाकारलं जाणारच. फॉर्मवर पत्ता मागितला तर बँकेत नोंदलेला पत्ता आणि ४०३ ने सुरू होणारा पिनकोड टाका, मुलाच्या पुण्याच्या खोलीचा नको. रुपे कार्ड अनेक परदेशी संकेतस्थळांवर पर्यायातच नसतं. त्यात कार्डाचा दोष नाही, दुसरं कार्ड वापरा.

रुपयांत पैसे भरा असा पर्याय समोर आला तर युरो निवडा. रुपयांचा दर विक्रेत्याच्या बाजूने लावलेला असतो, आणि तो सहसा बँकेपेक्षा महाग पडतो.

टॉवरच्या अधिकृत संकेतस्थळावर यूपीआयने पैसे भरण्याची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. नुसतं टॉवरचं तिकीट हवं असणाऱ्यांना ती फार सोयीची आहे. पण बोट आणि गाइड जोडून विकणाऱ्या इतर संकेतस्थळांवर ती असेलच असं नाही, आणि तुमच्या यूपीआय ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करावे लागतात.

आता सगळ्यात घाबरवणारं लक्षण: पैसे गेले, तिकीट नाही. बहुतेक वेळा पैसे गेलेले नसतात, अडवलेले असतात. कार्ड स्वीकारताना बँक तेवढी रक्कम बाजूला ठेवते. विक्रेता नंतर ती उचलतो. बुकिंग अर्ध्यावर तुटलं तर विक्रेता रक्कम उचलत नाही आणि बँक काही दिवसांनी ती सोडून देते. मेसेज मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो. म्हणून बँकेच्या स्टेटमेंटमध्ये व्यवहार ‘प्रलंबित’ आहे की ‘पूर्ण’, हे बघा. प्रलंबित असेल तर विक्रेत्याला मेल करून त्याच्याकडे बुकिंग दिसतं का, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पूर्ण झालेला दिसत असेल तर बुकिंग बहुधा कुठे तरी आहे, ते शोधायचं. या दोन्ही अवस्थांत पुन्हा कार्ड घासण्यात फायदा नाही.

ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम प्रवासात चालू राहणार नसेल तर सगळी बुकिंगं गोव्यातून निघण्याआधीच करा. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर पोचल्यावर हे सुचून उपयोग नाही.

सहावी तपासणी: तारीखच मिळत नसेल

टॉवरच्या लिफ्टची अधिकृत तिकिटं साधारण ६० दिवस आधी खुली होतात, जिन्याची १४ दिवस आधी. सुट्टीच्या दिवसांत शिखराची तिकिटं भराभर संपतात. करडी तारीख दिसली तर आधी हे मोजा: ती ६० दिवसांच्या पलीकडची तर नाही? तसं असेल तर बिघाड काहीच नाही, अजून खिडकीच उघडलेली नाही. तारखेचा हिशेब पॅरिसच्या दिवसावर चालतो. तिथली मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन.

तारीख आतली असूनही मिळत नसेल तर कॉम्बो मोडा. माझा ठाम सल्ला हाच असतो, आणि घरातली मंडळी सुरुवातीला नाराज होतात, कारण एकत्र घेतल्याने स्वस्त पडेल असं त्यांना वाटतं. पण दुर्मिळ आहे ते टॉवरचं तिकीट. बोटी दिवसभर सुटत असतात, त्यांच्यासाठी अडून बसायची गरज नाही. आधी अधिकृत संकेतस्थळावर टॉवरची कोणतीही वेळ मिळते का बघा. एकाच वेळी पाच तिकिटं नसतील, पण तीन आणि दोन अशी अर्ध्या तासाच्या फरकाने मिळू शकतात. ती नसतील तर शिखर सोडून दुसरा मजला. पॅरिसचा नकाशा डोळ्यांसमोर उलगडतो तो दुसऱ्या मजल्यावरूनच नीट, शिखरावरून घरं फार लहान दिसतात. तेही नसेल तर गाइडसह नुसता टॉवर, कारण गाइड कंपन्यांकडे तिकिटांचा वेगळा कोटा असू शकतो. काहीच नसेल तर विजयकमानीची (आर्क द त्रिओंफ) गच्ची: २८४ पायऱ्या, आणि वरून खुद्द आयफेल टॉवर दिसतो, जो टॉवरवर उभं राहून कधीच दिसत नाही. बोट आपली आहेच.

सातवी तपासणी: धक्का कोणता, गाइड कुठे

हे कागदावर बघून भागत नाही. नकाशा उघडून रस्ता आखा.

सीनवर सहलीच्या बोटी चालवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचा धक्का वेगळा. बातो पारिझियांच्या बोटी टॉवरच्या अगदी पायथ्याशी, पोर द ला बूर्दोने इथून सुटतात. वदेत द पारी जवळच्याच पोर द स्युफ्रेनवरून. बातो मूश मात्र नदीच्या पलीकडच्या काठावर, अल्मा पुलापाशी, चालत पंधरा-वीस मिनिटं. आणि वदेत द्यू पों नफ शहराच्या मधोमध बेटाच्या टोकाला, टॉवरपासून चालत पाऊण-एक तास. व्हाउचरवर नुसतं ‘सीन क्रूझ’ लिहून भागत नाही. कंपनीचं नाव आणि धक्क्याचं नाव दोन्ही सापडायला हवीत. एक नाव बातोबसचंही दिसेल. ती चढ-उतार करायची बससारखी बोट आहे. तुम्हाला बसून तासाभराची फेरी हवी असेल तर ती घेऊ नका.

गाइड टॉवरच्या दारात उभा नसतो. भेटण्याची जागा जवळच्या एखाद्या रस्त्यावरचं कार्यालय किंवा कोपरा असतो, आणि तिथे टॉवरच्या वेळेच्या बरंच आधी पोचायचं असतं. उशीर झाला तर गट थांबत नाही, कारण थांबला तर सगळ्यांचीच वेळ हुकते. त्रोकादेरो मेट्रोला उतरून समोर टॉवर दिसला की पोचलो असं वाटतं. प्रत्यक्षात खाली उतरून इयेना पूल ओलांडायचा असतो, वयस्कर माणसं बरोबर असतील तर वीस मिनिटं धरा. बीर-हाकेम स्थानक त्याच काठावर आहे, तिथून पूल लागत नाही. बहुतेक गाइड दुसऱ्या मजल्यापर्यंत येतात आणि शिखराला तुम्हाला एकटं सोडतात. तो पळून गेला असं समजू नका, बुकिंगमध्ये तसं लिहिलेलं असतं.

शिखरासह टॉवरला रांगा धरून अडीच ते तीन तास द्या. त्यानंतरच बोटीची वेळ. जेवणाची बोट असेल तर तिची वेळ ठरलेली असते आणि ती चुकली की गेली. शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच कळवायचं. सोमवारी मासळी न खाणाऱ्या घरांनी तर वारच बदलून घ्यावा, ते सोपं पडतं.

आठवी: जे कुणाच्याच हातात नाही

जोराचा वारा किंवा फार गर्दी असली की शिखर बंद ठेवतात. अलीकडे जानेवारीत देखभालीसाठीही ते काही आठवडे बंद असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या संपाने टॉवर सलग सहा दिवस बंद राहिला. नदी फुगली तर बोटी पुलांखालून जाऊ शकत नाहीत. जून २०१६ आणि जानेवारी २०१८ च्या पुरांत तसं झालं. अल्मा पुलाच्या खांबावर एका सैनिकाचा पुतळा आहे, पाणी त्याच्या कुठवर चढलं त्यावरून पॅरिसकर पूर मोजतात. जाण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी टॉवरच्या आणि बोट कंपनीच्या संकेतस्थळावरची सूचना वाचा. बंद असेल तर व्हाउचरवरच्या अटी बघून लगेच लेखी कळवा. तीन भागांपैकी एकच बंद असेल तर परतावाही तेवढ्याच भागाचा मिळतो. टॉवरखाली कुणी हातात तिकिटं घेऊन विकत असेल तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

इथे थांबा, जाणत्याकडे जा

अनोळखी व्यवहार दिसला, किंवा बुकिंग केलेलं संकेतस्थळच गायब झालं, तर तपासणी संपली. कार्ड ताबडतोब बंद करा, बँकेला लेखी कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तुमची किंवा बँकेची चूक नसताना कुणी तिसऱ्याने पैसे काढले असतील आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमच्यावर भार येत नाही. म्हणून ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. ‘पैसे परत देतो’ म्हणून कुणी फोन करून ओटीपी मागितला किंवा फोनवर एखादं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा.

व्यवहार पूर्ण झालेला आहे, विक्रेता आठवडाभर उत्तर देत नाही, असं असेल तर बँकेच्या शाखेत जाऊन रीतसर वाद नोंदवा. हे काम ट्रॅव्हल एजंटचं नाही, बँकेचंच आहे.

शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांना चालणारा) हातात नसेल तर परत न मिळणारं टॉवरचं तिकीट काढायचं की नाही, हे स्वतः ठरवू नका. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निर्णयाला एरवी पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसही लागतात. तारखा घट्ट असतील तर व्हिसाची कामं नेहमी करणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला विचारा. दोन-तीन कुटुंबं मिळून मोठा गट जात असेल, किंवा कुणाची प्रकृती नाजूक असेल, तेव्हाही पहिल्यापासून त्याच्याकडेच द्या.

जाताना या गोष्टी बरोबर न्या: बुकिंगचा क्रमांक, विक्रेत्याचे सगळे मेल, बँकेच्या मेसेजचा फोटो, सगळ्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या प्रती, आणि टॉवर, बोट, गाइड अशी तीन ओळींत लिहिलेली सद्यस्थिती.